टेपाच्या वाडीचं शेवटचं बटण

कापूरहोळला जिथं भोरचा रस्ता फुटतो, तिथं टायरवाल्याच्या शेजारी धनाजीचं दुकान आहे. पाटीवर 'मोटार रिवायंडिंग' असं लिहिलंय. पाटी अर्धी खरी आहे. दुकानाच्या पुढच्या भागात जळक्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं आणि वार्निशचा वास. मागं पडदा, आणि पडद्यापलीकडं एक संगणक, जो कधी बंद होत नाही. धनाजी त्याला सर्व्हर म्हणतो. त्याची बायको सुलक्षणा त्याला जावईबापू म्हणते. कारण त्याला पंखा लागतो, वीज गेली तर इन्व्हर्टर लागतो, आणि काय काम करतोस विचारलं तर तो नुसता लुकलुकतो.

धनाजी शेहेचाळीस वर्षांचा. दहावी आणि आयटीआय. तरुणपणी तो रोजंदारीवर टेलिफोनच्या खांबांवर चढायचा. भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुठंही तार तुटली की धनाजीला निरोप जायचा. पुढं लोकांच्या हातात मोबाईल आले. खांबांना म्हशी बांधल्या जाऊ लागल्या. धनाजी खाली उतरला आणि जळक्या मोटारींत नवी तार भरायला शिकला.

इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. पुढचं मात्र ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. चाळिशी उलटल्यावर, समोर मोबाईलवर व्हिडिओ लावून, हातानं तार गुंडाळता गुंडाळता, हा माणूस प्रोग्रॅम लिहायला शिकला. इंग्रजी येत नव्हतं. प्रोग्रॅममधले इंग्रजी शब्द त्यानं मोटारीच्या सुट्या भागांसारखे पाठ केले. चूक झाली की संगणक जी लांबलचक वाक्यं दाखवतो, ती तो वहीत चित्रासारखी उतरवून घ्यायचा आणि समोर अर्थ लिहायचा. एका वाक्यापुढं लिहिलंय, 'समोरचा उचलत नाही.' दुसऱ्यापुढं, 'समोरच्यानं आपटला.' एका मोठ्या वाक्यापुढं फक्त, 'आपलंच चुकलं.'

एवढं शिकून त्याचा उपयोग कुणाला होता? कुणालाच नव्हता. तीन वर्षं नव्हता. मग रतनबाई आल्या.

रतनबाई वेल्ह्याकडच्या. अकरा वाड्यांतल्या बायकांना एकत्र करून त्यांनी भाताची गिरणी काढली होती. गिरणी एक, टेम्पो एक, टेम्पोवर ड्रायव्हर पप्पू. सुगीत कुठल्या खळ्यावर किती पोती तयार आहेत हे बायका रतनबाईंना फोन करून सांगायच्या. निम्म्या वाड्यांत रेंज झाडावर चढल्याशिवाय मिळत नाही. बाकीच्या निम्म्यांत मिळते, पण एकदा मिळाली की बायका पोत्यांवरून सुरू होऊन सुनांपर्यंत जायच्या. रतनबाईंचा उजवा कान दुखायला लागला होता.

"धनाजी, तू तारांतला माणूस," त्या म्हणाल्या. "कायतरी कर. मला नुसता आकडा पायजे. गप्पा नगंत."

धनाजीनं अकरा पेट्या केल्या. पत्र्याच्या, तळहाताएवढ्या नाही आणि डब्याएवढ्याही नाही, मधल्या. वर छोटा पडदा. वाडीतल्या घरांची नावं आत भरलेली. वर-खाली करून आपलं नाव निवडायचं, मग पोत्यांचा आकडा टाकायचा. पेटीतलं सिमकार्ड ते कापूरहोळला सर्व्हरकडं धाडणार आणि सर्व्हर पप्पूच्या मोबाईलवर यादी पाठवणार. पेटी खळ्यावरच्या खांबाला, आणि तिला जोडलेल्या उंच दांडीवर एरियल, त्यामुळं उंच चढायचं ते एरियल, बाई नाही.

दुकानात टेबलावर अकराही पेट्या सुतासारख्या सरळ चालल्या. धनाजीनं सुलक्षणाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "जावईबापू कामाला लागले म्हणायचे."

पेट्या डोंगरात गेल्या आणि पहिल्याच दिवशी टेपाच्या वाडीवरून पप्पूचा फोन आला.

"अण्णा, यादीत 'फुला' म्हणून कुनीतरी हाय. पोती शून्य."

"मग?"

"आन खाली 'बाई' हाय. बारा पोती."

"कुठली बाई?"

"त्येच तर मी सकाळपास्नं दारोदार इचारतोय. बाई कोन, बाई कोन. दोघींनी झाडू उगारला."

फुलाबाई ही टेपाच्या वाडीतली सत्तरीची म्हातारी. तिचं नाव दोन तुकड्यांत येऊन पोचलं होतं. आधी 'फुला' आलं. मध्ये रेंज गेली. मग 'बाई' आणि बारा आले. सर्व्हरला वाटलं ही दोन घरं.

त्यानं दोन दिवस डोकं खाजवलं. त्याची समजूत अशी होती, की निरोप पाठवणं म्हणजे एसटीतून पार्सल पाठवणं. इकडं जसं बांधलं तसं तिकडं उतरणार. तसं नव्हतं. ती पाण्याची पन्हळ होती. इकडून दोन हंडे ओतले म्हणून तिकडं दोनच धारा पडतील असं नाही. कधी थेंब थेंब येईल, कधी दोन्ही हंडे एकदम. पन्हळीला हंडा माहीत नसतो. कुठला हंडा कुठं थांबला हे आपणच सांगायचं.

म्हणून त्यानं प्रत्येक पेटीला एक तांबडं बटण जोडलं. नाव टाकायचं, आकडा टाकायचा, आणि शेवटी तांबडं बटण दाबायचं. ते दाबलं की पेटी शेवटची खूण पाठवणार. ती खूण येईपर्यंत सर्व्हर थांबून राहणार, तुकडे कितीही होवोत. बटणाखाली त्यानं स्वतःच्या हातानं, पांढऱ्या ऑइलपेंटनं, सुबक अक्षरात लिहिलं, 'संपले'.

आठ वाड्यांत पेट्या लगेच सुरळीत झाल्या. तीन वाड्यांत झाल्या नाहीत. त्यातही टेपाची वाडी सगळ्यात वाईट.

त्या वाडीवरून कधी काहीच येत नसे. दिवसभर सर्व्हर वाट बघत बसे. आणि कधी यायचं ते असं यायचं:

'फुलाबाईसगुणाबाई, पोती १२८.'

पप्पूच्या टेम्पोत चाळीस पोती बसतात. त्यानं शहाणपणा करून वाटेतल्या ओळखीच्या माणसाची ट्रॅक्टर-ट्रॉली बरोबर घेतली. दोन वाहनं खळ्यावर जाऊन उभी राहिली. फुलाबाईची बारा पोती होती. शेजारच्या सगुणाबाईची आठ होती.

"अण्णा," पप्पू फोनवर म्हणाला, "ट्रॉलीवाला इचारतोय, ही फुलाबाईसगुणाबाई एवढी लांबलचक बाई ऱ्हाती कुठं?"

धनाजीला यातलं यंत्राचं कोडं तेवढं दिसत होतं. फुलाबाईच्या निरोपाशेवटी खूण आली नव्हती. म्हणून सर्व्हर थांबला. मग सगुणाबाईचा निरोप मागून येऊन चिकटला, नावाला नाव आणि बाराला आठ, आणि त्याच्या शेवटी मात्र खूण आली. म्हणजे बटण कधी चालत होतं, कधी नाही. आणि सगुणाबाईची वेळ आली नसती तर फुलाबाईची बारा पोती जन्मभर खळ्यावर राहिली असती.

त्यानं बटण बदललं. नवंही तसंच वागलं. त्यानं पुण्याहून महागातलं मागवलं. तेही तसंच. पेटी दुकानात आणून शंभर वेळा दाबून पाहिलं. शंभर वेळा खूण आली. वाडीत नेऊन स्वतः दाबलं, लगेच खूण आली. पाठ फिरवली की बंद.

"तुमी गेला की बटाण रुसतं," पप्पू म्हणाला. "हितंच ऱ्हावा. फुलाबाई दोन भाकऱ्या टाकील."

सोमवारी रतनबाई दुकानात आल्या. बसल्या नाहीत. त्या 'धनाजीराव' म्हणाल्या तेव्हाच धनाजीला कळलं.

"धनाजीराव, आभाळ आलंय. मोबाईलवर पाऊस दाखवतोय पुढच्या आठवड्यात. भात उघड्यावर हाय आन तुमची पेटी आमाला नसलेल्या बायकांची नावं सांगतीय. शनवारी गिरणीवर मिटिंग हाय. तवर नीट झाली तर ऱ्हाईल. न्हाईतर अकराच्या अकरा पेट्या पप्पूच्या टेम्पोत घालून हितं तुमच्या दारात आनून टाकीन. माझा कान दुखला तर दुखला."

त्या गेल्यावर धनाजी मोटारींच्या मधोमध बसून राहिला. त्यानं आयुष्यात पुष्कळ तारा जोडल्या होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या होत्या. ही पहिली गोष्ट त्यानं स्वतः रचलेली, आणि कुणीतरी वापरत असलेली. ती शनिवारी दारात येऊन पडणार होती.

सर्व्हरवर काय काय किती वाजता आलं, याची नोंद राहते. मंगळवारी सुलक्षणानं ती नोंद वाचायला घेतली. ती ब्लाऊज शिवते, त्यामुळं मापात काय बसत नाही ते तिच्या चटकन लक्षात येतं.

"अहो," ती म्हणाली, "टेपाच्या वाडीचं बटण तीन वाजल्यावर चालतंय बघा. सकाळी कधीच नाही."

धनाजीनं पाहिलं. खरं होतं. सगळ्या खुणा तीन ते साडेतीनमध्ये आलेल्या. आणि एका क्षणात त्याला सगळं उमगलं. निदान तसं वाटलं. सकाळी डोंगरात थंडी. थंडीनं आतलं सोल्डर आखडतं, तारेचं टोक सुटतं. दुपारी ऊन लागलं की पुन्हा चिकटतं. एवढी साधी गोष्ट! त्यानं मांडीवर थाप मारली.

"एक काम कर," तो बायकोला म्हणाला. "लोकरीचं काही आहे का घरात?"

गुरुवारी सकाळी धनाजी पप्पूच्या टेम्पोत बसून वेल्ह्याकडं निघाला, तेव्हा त्याच्या मांडीवर पेटीच्या मापाचं लोकरीचं टोपडं होतं. जुन्या स्वेटरचं. हनुवटीखाली बांधतात तसे दोन बंदही होते. सुलक्षणा अर्धवट काम करत नाही.

टेपाच्या वाडीचं खळं शेणानं सारवून लख्ख केलेलं होतं. मधोमध भाताची रास. फुलाबाई मापानं पोतं भरत होती, आजूबाजूला चार-पाच बायका पाखडत होत्या. धनाजी घाईनं पेटीकडं निघाला.

"चपला!" फुलाबाई ओरडली.

त्यानं चपला बाहेर काढल्या. खांबावरच्या पेटीला टोपडं घातलं, बंद बांधले, आणि मागं सरून बघितलं. बायकांचे हात थांबले.

"पेटीला टोपडं कुनी शिवलं वो?" एकीनं विचारलं.

"माझ्या मालकिणीनं."

"पाचवी कधी पुजायची?"

खळं हसलं. पप्पूही हसला. धनाजी हसला नाही. तो बांधावर बसून राहिला. आज त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

फुलाबाई मापं टाकत होती. "लाभ," ती म्हणाली. मग "दोन. तीन. चार." एक असं ती म्हणाली नाही. पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभच म्हणतात. धनाजीनं ते ऐकलं, पण त्याचं सगळं ध्यान टोपड्याकडं होतं.

सहा पोती शिवून झाली. फुलाबाईनं हात धुतले, पदराला पुसले, आणि पेटीपुढं आली. टोपडं थोडं वर सारलं. आपलं नाव शोधलं. आकडा टाकला, सहा. मग तिनं पेटीला दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि पाठ फिरवली.

धनाजी उठला.

"फुलाबाई, एक बटण राहिलं."

"न्हाई ऱ्हायलं."

"ते तांबडं."

"ते व्हय? ते आमी न्हाई दाबत."

धनाजीच्या पायाखालचं खळं हललं. "कधीच?"

"कधीच."

"मला वाटलं ते बिघडलंय. दोनदा बदललं मी!"

"कशाला बदललं? चांगलं हुतं की. रंग झ्याक हाय."

"मग दाबत का नाही?"

फुलाबाईनं बायकांकडं बघितलं. बायकांनी सुपांकडं बघितलं.

"तुमीच वाचा," ती म्हणाली, "त्येच्याखाली काय लिवलंय ते."

धनाजीला वाटलं, रंग पुसला असेल, अक्षर लागत नसेल. तो पेटीपाशी गेला, खाली वाकला आणि मागच्या बाईलाही ऐकू जावं म्हणून शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं,

"संपले!"

सूप पडल्याचा आवाज आला. एका बाईनं तोंडाला पदर लावला. फुलाबाई दोन्ही हात पसरून राशीच्या आडवी उभी राहिली, जणू धनाजी राशीला लाथ मारायला निघाला होता.

"अवो, राशीम्होरं!" ती कशीबशी म्हणाली. "भरल्या राशीम्होरं बोलला वो त्यो शब्द!"

आणि तेव्हा, वीस वर्षं तारांत आणि सहा वर्षं संगणकात घालवलेल्या धनाजीला त्याची किकवीची आई आठवली. घरात मीठ नसलं तर ती म्हणायची, "मीठ वाढलंय, घेऊन ये." दिवा विझला तर म्हणायची, दिवा वाढला. बांगडी फुटली तरी वाढली. हा तीन अक्षरांचा छोटासा शब्द त्याच्या आईनं धान्याच्या बाबतीत आयुष्यात एकदाही उच्चारला नव्हता. आणि त्यानं तो ऑइलपेंटनं अकरा पेट्यांवर लिहून, अकरा राशींसमोर टांगून, वर प्रत्येक बाईला सांगितलं होतं, की पोती मोजून झाली की हा दाबत जा.

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाही कुणी?" त्यानं विचारलं.

"सांगनार कसं?" फुलाबाई म्हणाली. "सांगायचं म्हंजी त्यो शब्द तोंडातनं काडाय लागतो."

धनाजीनं त्या अक्षरांवर तळहात ठेवून ती झाकली.

"आन तुमी हौसेनं लिवलेलं," दुसरी म्हणाली. "अक्षर बी चांगलं. म्हटलं असूद्या, आमी न्हाई दाबत म्हंजी झालं."

"पण तीन वाजता कुणीतरी दाबतं."

"आमच्यात? छ्या! कुनीच न्हाई."

"तीन वाजता खळ्यावर कोण असतं?"

"आमची नूतन," फुलाबाई म्हणाली. "सून माजी. अंगनवाडीतनं येती तीनला, मग सगुनाबाईची पोती तीच टाकती. लई गुनाची हाय."

धनाजीनं मान डोलावली आणि तो विषय तिथंच सोडला. टोपड्याचे बंदही सोडले.

तोंडून गेलेल्या शब्दाचं मात्र निस्तरावं लागलं. फुलाबाईनं त्याला राशीपुढं उभं केलं. पोत्यातलं भात ओंजळीनं घेऊन पाच वेळा राशीवर घालायला लावलं, आणि प्रत्येक ओंजळीला "भरलं, भरलं" म्हणायला लावलं. धनाजीनं केलं.

"जोरात, अण्णा," पप्पू टेम्पोतून म्हणाला. "कापूरहोळला ऐकू गेलं पायजे."

परतताना पप्पूनं सोपा मार्ग सांगितला. बटण तेच, शब्द पुसा, दुसरा लिहा. धनाजीनं मान हलवली. शब्द बदलला तरी माणसानं शेवट सांगायचा हे राहतंच. माणूस विसरेल, कंटाळेल, हात भरलेले असतील. शेवट कुठं आहे हे यंत्रानं यंत्राला सांगितलं पाहिजे.

"तू पोती भरतोस," त्यानं पप्पूला विचारलं, "तेव्हा गिरणीत भांडण का होत नाही? एखादं कमी-जास्त आलं तर?"

"मी पयलं पोतं उचलायच्या आदी फाळक्यावर खडूनं आकडा लिवतो. सोळा तर सोळा. गिरणीवाला आदी फाळका वाचतो, मग उतरवून घेतो. सोळा उतरली की हात झाडतो. सतरावं दुसऱ्याचं."

धनाजीनं खिशातली वही काढली. मार्गासनी गाव मागं पडेपर्यंत तो लिहीत होता. मग म्हणाला, "टेम्पो जरा जोरात घे."

आता पेटी सगळा निरोप आधी आत गोळा करणार होती. आकडा टाकल्यावर दहा मोजेपर्यंत कुणी काही दाबलं नाही, की झालं समजणार होती. मग सर्व्हरला आधी सांगणार, एवढं एवढं येतंय. आणि मग पाठवणार. सर्व्हर तेवढं येईपर्यंत थांबणार, तेवढं आलं की हात झाडणार. पुढचं दुसऱ्याचं.

शुक्रवारची सकाळ एका वेगळ्याच घोळात गेली. 'फुलाबाई' हे नाव धनाजीनं बोटांवर मोजलं, काना-उकार धरून. सात. पेटीला सांगितलं, सात येतंय म्हणून सांग. सर्व्हरनं सात घेतले, हात झाडले, आणि पडद्यावर 'फु' आणि एक चौकोन दाखवला. तारेवरून जाताना मराठीतलं एकेक अक्षर, एकेक काना, एकेक उकार तीन-तीन जागा अडवतो, हे धनाजीला जेवायच्या वेळी कळलं. इंग्रजी अक्षराला एकच जागा लागते. सुलक्षणा म्हणाली, "आपली माणसं गाडीत बसली की तशीच बसतात." त्यानं वहीत लिहिलं, 'आपलंच चुकलं.' आणि बोटं सोडून देऊन मोजायचं काम यंत्राकडं दिलं.

उरलेला शुक्रवार आणि शनिवारची सकाळ, पप्पूचा टेम्पो अकरा वाड्या फिरला. प्रत्येक पेटीतला प्रोग्रॅम बदलला. प्रत्येक पेटीचं तांबडं बटण उपसून काढलं. पांढरा शब्द खरवडला. भोकावर काळी चिकटपट्टी लावली. धनाजीनं कुठंही, काहीही, मोठ्यानं वाचलं नाही.

शनिवारी अकराला गिरणीच्या पडवीत मिटिंग भरली. आभाळ गच्च होतं. धनाजी पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होता, हातात मोबाईल. काल दुपारपासून अकरा वाड्यांतून त्रेचाळीस निरोप आले होते. एकही तुटला नव्हता, एकही चिकटला नव्हता. फुलाबाईची पोती ताडपत्रीखाली गिरणीत पोचली होती, आणि पोत्यांबरोबर फुलाबाईही.

रतनबाईंनी यादी वाचून दाखवली. प्रत्येक नावाला एक खरी बाई "व्हय" म्हणाली. वाचून झाल्यावर रतनबाईंनी चष्मा काढला.

"आज पेटी नीट चालली. कुनाची तक्रार?"

धनाजीनं श्वास सोडायला सुरुवात केली.

"माजी हाय," फुलाबाई म्हणाली आणि उठून उभी राहिली.

धनाजीनं श्वास परत घेतला.

"बटाण का काडलं?"

"फुलाबाई!" धनाजी थप्पी सोडून पुढं आला. "तुम्ही ते दाबतच नव्हता!"

"न्हवतो दाबत. म्हनून काय काडून टाकायचं? हुतं तर खरं. आता आकडा टाकला की फुडं काय? म्या निस्ती हुबी. पेटी गप, म्या बी गप. निरोप गेला का न्हाई हे कसं वळखायचं? काल म्या घटकाभर तिच्या तोंडाकडं बगत बसले."

"मी बी," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी चारदा आकडा टाकला," तिसरी म्हणाली. "म्हटलं ऐकू गेलं नसंल."

पडवीत एकदम पुष्कळ बायका बोलू लागल्या. शेवटी कायतरी दाबल्याबिगर काम झाल्यासारखं वाटत न्हाई, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ज्या आठ वाड्यांत बटण दाबत होते त्यांचंही, आणि ज्या तीन वाड्यांत कधीच दाबलं नव्हतं त्यांचं तर जास्तच.

धनाजीनं समजावायचा प्रयत्न केला, की आता त्या बटणाला काही काम नाही, निरोप आपोआप जातो.

"काम नसू द्या," रतनबाई म्हणाल्या. "गिरणीत दोघं-तिघं हायेत तसले. बटाण बसवणार का?"

"बसवतो."

"मग हात वर करा. बटाण बसवलं तर पेट्या ठेवायच्या?"

सगळे हात वर गेले. पप्पूनंही केला. त्याला मत नव्हतं.

"आता त्येच्यावर लिवायचं काय?" रतनबाईंनी विचारलं.

यावर अर्धा तास गेला. 'भरलं' आलं, 'पावलं' आलं, 'पोचलं' आलं. कुणी आपल्या देवाचं नाव सुचवलं, तर शेजारणीनं तिच्या देवाचं. शेवटी फुलाबाईच म्हणाली,

"काय बी लिवू नगा. लिवलं की कुनीतरी वाचतंय."

ते सर्वांना पटलं. धनाजीला सर्वांत आधी.

गिरणीत पडवीच्या खांबाला एक जादा पेटी बांधलेली होती, सगळ्या वाड्यांची नावं आणि नवा प्रोग्रॅम भरलेली. रतनबाईंना दाखवण्यासाठी त्यानं तिथल्या तिथं तिला बटण बसवलं. हिरवं, कोरं. आत बटणाची वायर हातात धरून तो थोडा वेळ बसला. जन्मभरात त्यानं एक टोक मोकळं सोडून तार कधी ठेवली नव्हती.

"दुसरं टोक कुठं, अण्णा?" पप्पू वाकून बघत होता.

"कुठंच नाही," धनाजी म्हणाला, आणि झाकण लावलं.

फुलाबाई पुढं आली. बायका भोवती जमल्या. तिनं आपलं नाव शोधलं. आकडा टाकला. मग नवं बटण नेमकं कुठं बसवलंय ते डोळे बारीक करून सावकाश शोधलं, अंगठा पदराला पुसला, आणि बटणावर ठेवून असा दाबला, की पेटी खांबासकट हलली. तिनं अंगठा उचलला. चेहरा निवला.

"आता गेलं," ती म्हणाली. "व्हय न्हवं?"

धनाजीनं मोबाईलमध्ये बघितलं. ती बटण शोधत होती तेव्हाच निरोप येऊन पडला होता, पूर्ण, एका तुकड्यात.

"हो," तो म्हणाला. "आत्ताच गेलं."